हितसंबंध : नाही

नव्या घरात सामान लावताना नातीला माझ्या जुन्या फायलीत एक झेरॉक्स सापडली. एका पानाचा छापील फॉर्म, खाली माझी सही. "आजी, अक्षर काय भारी होतं गं तुझं," ती म्हणाली, आणि मोबाइलवर फोटो काढून तिने तो आपल्या आईला पाठवलासुद्धा. मी चष्मा लावून पाहिलं. अक्षर खरंच भारी होतं. शाईच्या पेनाने लिहिलेलं, शिरोरेघा पट्टीने मारल्यासारख्या. सात प्रश्न, सातांसमोर एकच शब्द, आणि कुणाला शंका राहू नये म्हणून प्रत्येक शब्दाखाली एक रेघ. नाही.

मी मुख्याध्यापिका होते, ती खोड जात नाही. नातीकडून लाल पेन मागून घेतलं, दुसऱ्या उत्तरावर फुली मारली आणि समासात लिहिलं, "अक्षर उत्तम. उत्तर चूक. उद्या पालकांना घेऊन येणे." नात हसत सुटली. मीही हसले. पालक कधीचे वर गेले, नाहीतर त्या बाईच्या पालकांना मी खरंच बोलावून घेतलं असतं.

तो फॉर्म मी तरुणपणी भरला होता. तरुणपणी म्हणजे एकसष्टाव्या वर्षी. आज चौऱ्याहत्तरीत बसून पाहते तेव्हा ती बाई मला फारच कोवळी वाटते. आपण प्रामाणिक आहोत याची तिला पक्की खात्री होती, आणि ती खात्री ती इस्त्री करून, पिन लावून, रोज अंगावर घालून फिरायची.

शाळेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती आणि मला कुणी काही विचारत नव्हतं, हे माझं तेव्हाचं सर्वांत मोठं दुःख. मी वर्तमानपत्रांना पत्रं लिहायची. फुटपाथ, कचरा, फटाके. दोन-चार छापून आली, ती कापून ठेवली. माझा एक जुना विद्यार्थी त्या वेळी आमच्या घाटकोपरच्या राजकारणात वर चढत होता. तो एकदा घरी आला, पाया पडला आणि म्हणाला, "बाई, आपला रस्ता रुंद होतोय. कडेच्या झोपड्या हलवायच्यात. लोकांच्या तक्रारी ऐकायला सरकार समिती नेमतंय. चांगली माणसं हवीत."

चांगली माणसं म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर एकच चेहरा आला. तो रोज सकाळी आरशात दिसायचा.

नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा मी दोन हातमागाच्या साड्या आणि एक चामड्याची फाइल घेतली. भाजीवाल्याने सहज विचारलं, आज उशीर झाला का, तर मी त्याला समितीची कार्यकक्षा समजावून सांगितली. बिचाऱ्याने मेथीची जुडी जास्त दिली, बहुधा मी जावं म्हणून.

काम असं होतं. रस्त्यात ज्यांची घरं जाणार, त्यांतल्या पात्र लोकांना सरकार खोल्या देणार होतं. खोल्या दोन ठिकाणी. थोड्या कांजूरमार्गला, बाकीच्या सगळ्या माहुलला. घाटकोपरला धुणीभांडी करणाऱ्या बाईला कांजूर म्हणजे दोन स्टेशनं. माहुल म्हणजे दोन बस बदलून रिफायनऱ्यांच्या शेजारी जाऊन राहायचं, आणि श्वास घेतानासुद्धा आधी वास घेऊन बघायचा. यादीत ज्याच्या नावापुढे माहुल लागलं असेल त्याने आमच्याकडे अर्ज करायचा, कारण सांगायचं. कारण पटलं तर आम्ही 'मानवतेच्या आधारावर' ठिकाण बदलून द्यायचं. मानवता मोजकीच होती, कारण कांजूरच्या खोल्या मोजक्या होत्या. शिवाय कोणती रांग आधी हलवायची, हेही समितीच सुचवायची.

पत्रासोबत तो फॉर्म आला होता. मी तो जेवणाच्या टेबलावर, टेबलक्लॉथ काढून, दिवाणखान्यातला दिवा लावून भरायला बसले. दुसरा प्रश्न असा होता : आपला किंवा आपल्या कुटुंबीयांचा या प्रकल्पाशी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध आहे काय?

माझा नवरा समोर पेपर वाचत होता. तो आमच्या सोसायटीच्या कमिटीवर होता. आमची इमारत तेव्हा तीन मजली, लिफ्ट नसलेली, गळणारी. बिल्डर दोनदा येऊन नकाशे दाखवून गेला होता आणि दोन्ही वेळा म्हणाला होता, रस्ता अरुंद आहे, उंच बांधायची परवानगी मिळणार नाही, रस्ता रुंद झाला की बोलवा. ते नकाशे गुंडाळी करून आमच्याच कपाटावर ठेवलेले होते. फॉर्म भरताना मान वर केली असती तर दिसले असते.

नवऱ्याने पेपरावरून डोकावून पाहिलं. "दुसऱ्याला नाही काय लिहितेस? रस्ता आपल्या गेटसमोरून जातोय."

"रस्ता सगळ्यांचा असतो."

"मजले आपले असतात."

"मजले आहेत कुठे अजून? जे नाही ते कसं लिहू?"

"मग लिही की, होणार आहेत म्हणून."

"तसा रकाना नाहीये त्यात."

"तुझ्याशी कोण बोलणार, हेडबाई," म्हणून तो पुन्हा पेपरात गेला. मी रेघ ओढली. ती रेघ सरळ यावी म्हणून नवऱ्याच्या हिशेबाच्या वहीची कड वापरली, हेही मला आठवतं.

समितीत आम्ही चौघं. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त अधिकारी, बोलण्यापूर्वी घसा खाकरायचे आणि खाकरल्यावर बहुतेक वेळा बोलायचेच नाहीत. एक डॉक्टर, दवाखाना जवळच होता. एक संस्थावाले, ते गरिबांसाठी कायम परिषदांना जात असत. आणि मी. एका सरकारी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, लांबट खोलीत आमची सभा भरायची. बाहेर कॉरिडॉरमध्ये बाकडी, बाकड्यांवर अर्जदार. पंखा अर्धवट चालायचा, म्हणून शिपाई दाराला स्टूल लावून दार उघडं ठेवायचा. हे शिपाईकाका कोकणातले, निवृत्तीला आलेले. चहा त्यांच्याकडे.

तिसऱ्या-चौथ्या सभेत एका अर्जाचा नंबर पुकारला आणि डॉक्टर उठले. "हा माझ्या कंपाउंडरचा आहे. मी जरा बाहेर थांबतो," म्हणाले. अध्यक्षांनी मान हलवली. डॉक्टर कॉरिडॉरमध्ये जाऊन चहा प्यायले. आत पाच मिनिटांत अर्ज झाला. मानवतेच्या आधारावर, कांजूर. मी भारावून गेले. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, "काय सचोटी आहे बघ. स्वतःच्या माणसाचा विषय निघाला तर उठून बाहेर." पुढच्या महिन्यात संस्थावाल्यांच्या ड्रायव्हरचा अर्ज आला. तेही उठले, बाहेर गेले, चहा प्यायले. कांजूर. मग अध्यक्षांच्या मेव्हण्याच्या दुकानातला माणूस. अध्यक्ष खाकरले, उठले, चहा. कांजूर.

मला यात काहीही दिसलं नाही. पस्तीस वर्षं मी मुलांच्या कॉप्या पकडल्या, बाकाखालच्या, बाहीतल्या, पट्टीच्या मागच्या. इथे सगळा वर्ग माझ्यासमोर कॉपी करत होता आणि मी त्यांना वर्तणुकीचे गुण देत होते.

आता आमच्या कामवाल्या बाईबद्दल. ती आमच्याकडे नऊ वर्षं भांडी-लादीला होती. जालन्याकडची. नवरा सोडून गेलेला, घरात दम्याची सासू आणि शाळेत जाणारी मुलगी. तिची झोपडी आमच्या गेटच्या अगदी समोर, रस्त्याच्या पलीकडे. मी बाल्कनीतून हाक मारली की तिला ऐकू जायची. सकाळी तिच्याकडे मिरचीची फोडणी पडली की आमच्या घरात ठसका लागायचा. तिच्या नावापुढे माहुल आलं होतं. तिने अर्ज केला होता. सासूच्या दम्याचा हॉस्पिटलचा कागद होता. कारण इतकं सरळ होतं की चौथीतल्या मुलालाही निकाल सांगता आला असता.

सुनावणीच्या आदल्या दिवशी ती भांडी घासताना म्हणाली, "ताई, उद्या माझा नंबर हाय. तुम्ही असणार ना तिथं?"

मी या क्षणाची तयारी करून ठेवली होती. स्टूल ओढून स्वयंपाकघरात बसले आणि तिला हितसंबंध म्हणजे काय ते समजावलं. ती कढई घासत ऐकत होती. म्हटलं, "अगं, तू माझ्याकडे काम करतेस. म्हणून तुझ्या अर्जावर मला बोलता येत नाही. तो पक्षपात होईल."

"म्हणजे मी तुमच्याकडे कामाला नसते, तर बोलला असता?"

"तर बोलले असते."

"सासूच्या दम्याचं सांगितलं असतं?"

"सांगितलंच असतं. कागद आहे ना तुझ्याकडे."

तिने कढई पालथी घातली, हात पुसले. "मग उद्यापासून नाय येत मी. सोडलं काम."

मला वाटलं थट्टा करतेय. दुसऱ्या दिवशी ती खरंच आली नाही. माझा हितसंबंध तिने स्वतःच्या बाजूने मिटवून टाकला होता, नऊ वर्षांचं काम एका वाक्यात सोडून. आणि मी काय केलं? सिंकमधली भांडी बघून चिडले. नवऱ्याला म्हटलं, "बघ, ऐन सभेच्या दिवशी दांडी." हातमागाच्या साडीवर पाणी उडू नये म्हणून वर टॉवेल गुंडाळून भांडी घासली आणि सभेला गेले.

तिचा नंबर पुकारला. मी उठले. डॉक्टर आणि संस्थावाले नुसते 'जरा बाहेर थांबतो' म्हणायचे. माझं तेवढ्याने भागण्यासारखं नव्हतं, मी भाषण पाठ केलं होतं. चामड्याची फाइल छातीशी धरून मी म्हणाले, "या अर्जदार माझ्याकडे काम करतात, म्हणून मी बाहेर जात आहे. माझ्या जाण्याचा कुणीही वेगळा अर्थ काढू नये. त्यांना कोणतीही सवलत मिळू नये. निर्णय काटेकोर नियमाप्रमाणेच व्हावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे."

अध्यक्ष खाकरले आणि, नवल म्हणजे, बोलले. "बरं," म्हणाले.

दारात आम्ही दोघी समोरासमोर आलो. ती आत येत होती, मी बाहेर जात होते. धुतलेली साडी, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद. मला बाहेर पडताना पाहिलं आणि ती हसली. अगदी मोकळं, सुटल्यासारखं. माझी तत्त्वं हिला पटली, असं मला वाटलं. मी पण हसले आणि मान ताठ करून बाकड्यावर जाऊन बसले.

शिपाईकाकांनी चहा आणला. पण कप हातात देईनात. "मॅडम, असा कित्याक बोललात?"

"काय बोलले?"

"भायर येवचा तर गप येवचा. तुमका कोणी सांगूक नाय?"

मला काही कळेना. मग त्यांनी कप बाकड्यावर ठेवला आणि माझ्या शेजारी, पण अदबीने एक फूट अंतर सोडून, वाकून सांगितलं. "भायर जाणारो काय सांगता? ह्यो माझो माणूस. आतले समाजतत. आज तुझो, उद्या माझो. सगळे तसाच करतत." त्यांनी कप माझ्याकडे सरकवला. "तुम्ही सांगान इलात, ही माझी कोणच नाय."

कॉरिडॉरमध्ये उकडत होतं. बाकड्यांवरचे चार-पाच लोक आमच्याकडे बघत होते, आणि बघता बघता मला उमगलं की हे सगळं त्यांनाही माहीत होतं. डॉक्टरांचा कंपाउंडर, ड्रायव्हर, दुकानातला माणूस, सगळ्यांनी याच बाकड्यांवर बसून आपापल्या साहेबांना चहा पिताना पाहिलं होतं. समितीत सर्वांत शेवटी मला कळलं.

"अजून येळ आसा," शिपाईकाका म्हणाले. "जावा आत. दोन शबुद बोला."

स्टूल लावलेलं दार माझ्यापासून सात-आठ पावलांवर होतं. आत अध्यक्षांचं खाकरणं ऐकू येत होतं. मी उठले नाही. म्हटलं, "आत्ता आत जाणं नियमात बसत नाही." आणि चहा प्यायले. चहात साखर बरोबर होती, हेही लक्षात आहे. कसलीकसली आठवण राहते माणसाला.

ती बाहेर आली आणि निकालाची चिठ्ठी मिळेपर्यंत दाराजवळच्या बाकड्यावर बसली. मी आत गेले. पुढचा विषय, कोणती रांग आधी हलवायची. अध्यक्षांनी नकाशा पसरला. आमच्या गेटसमोरची रांग. ती आधी हलली तर आमच्या बाजूचा रस्ता आधी रुंद होणार होता. "कुणाची हरकत?" विचारलं. कुणाचीच नव्हती. हात वर करायला सांगितले. मी केला. माझा हात सगळ्यांत सरळ वर होता, शाळेत प्रार्थनेला करतात तसा. डॉक्टर हसून म्हणाले, "चला मॅडम, तुमचा रस्ता झाला." मी म्हटलं, "सगळ्यांचाच की."

घरी नेऊन त्या फॉर्मवाल्या बाईला उभं-आडवं विचारावंसं वाटतं आता. भांडी घासणारीसाठी बाहेर गेलीस. स्वतःच्या घरासाठी आत बसलीस. हितसंबंध कुणाचा मोठा होता, सांग. पण ती बाई उत्तर द्यायची नाही. ती म्हणेल, मी भाषण केलं होतं, इतिवृत्तात बघा.

इतिवृत्तात मी बघितलं. दहा दिवसांनी सहीला आलं. तिच्या अर्जाखाली लिहिलं होतं, 'अर्जदारास अधिक काही सांगावयाचे आहे काय असे विचारले असता नाही असे सांगितले. वैद्यकीय कागद सादर केला नाही. मूळ यादीप्रमाणे माहुल कायम.' त्या वर्षातला तो एकमेव काटेकोर निर्णय असावा. मला धक्का बसला तो निर्णयाचा नाही, त्या 'नाही'चा. हिने कागद दाखवला का नाही? पिशवीत होता, मी पाहिला होता. मनातल्या मनात मी तिलाच रागावले. एवढी बोलकी बाई, आणि ऐन वेळी तोंड शिवलं. मग सही केली.

त्याआधी, सभेच्या दुसऱ्याच दिवशी, चिठ्ठी घेऊन ती कामाला आली होती. सोडलेलं काम पुन्हा धरलं. भांडी झाल्यावर म्हणाली, "ताई, चिठ्ठी चुकली असंल. माहुल लिहिलंय."

"चुकली नाही गं. नियमाप्रमाणे झालंय."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही, हिशेब न जुळल्यावर माणूस कागदाकडे बघतो तशी. मग लादीचं पाणी बदलायला गेली.

मी पुन्हा अर्ज करायला सांगू शकले असते. पुढच्या सभेत फेरविचार मागू शकले असते. पण न करण्याचं कारण तेव्हा माझ्याकडे तयार होतं. एकदा बाहेर गेल्यावर पुन्हा विषय काढला तर लोक म्हणतील, मॅडमचा काहीतरी हितसंबंध आहे.

महिन्याभरात समोरची रांग गेली. ती टेम्पोत सामान भरत होती तेव्हा मी बाल्कनीत उभी होते. सासू पुढे ड्रायव्हरशेजारी बसली होती, तोंडाला पदर लावून. काही आठवडे ती माहुलहून दोन बस बदलून कामाला आली. मग उशिरा येऊ लागली, मग एक दिवस फोन आला, ताई, जमत नाय. सासू दुसऱ्या थंडीत गेली. दम्याने गेली की वयाने, मी डॉक्टर नाही. आमच्या समितीत डॉक्टर होते, पण त्यांना विचारायचं धाडस मला झालं नाही.

रस्ता झाला. बिल्डर आला. मग कोर्टकज्जे, भाड्याची घरं, नवऱ्याचं जाणं, आणि त्याच जागेवर एकदाचा चौदावा मजला. दक्षिणेकडच्या खिडकीतून हवा स्वच्छ असली की माहुलकडच्या रिफायनऱ्यांच्या चिमण्या दिसतात. बिल्डरच्या माणसाने हीच खिडकी 'ओपन व्ह्यू' म्हणून दाखवली होती.

तो फॉर्म सापडल्यावर मी तिला फोन केला. नंबर तोच होता. "या की ताई," म्हणाली, जणू गेल्या आठवड्यात भेटलो होतो. मी गेले. नातीला बरोबर घेतलं नाही, तिच्यासमोर मला हेडबाईच राहायचं होतं. तिसरा मजला चढताना दोनदा थांबले. ती आता जवळच्या एका शाळेत मदतनीस आहे. मुलगी नोकरीला लागलीय, ऐरोलीला राहते, आईला ये म्हणते, ही जात नाही. भिंतीवर सासूचा फोटो, फोटोला हार. खोली नीटनेटकी, खिडकी बंद. मी विचारलं, "उघडत नाहीस?" म्हणाली, "वाऱ्यावर हाय. आज वारा इकडनं येतोय."

घरचं बोलून झालं. मग मी विचारलं. तेरा वर्षं जे विचारलं नव्हतं ते. "अगं, त्या दिवशी तू कागद का नाही दाखवलास? आत."

ती चकित झाली. "कशाला दाखवू? तुम्ही बाहेर आला होता ना."

"म्हणून?"

"म्हणून काय? बाहेर बसलेल्या सगळ्यांना ठावं होतं. ज्याच्यासाठी साहेब बाहेर येतो, त्याचं काम होतं. तुम्ही दारात दिसलात, मला वाटलं झालं, ताईंनी केलं. त्यांनी आत विचारलं, अजून काय सांगायचंय का. मी म्हटलं, नाय साहेब. उगं जास्त बोलून तुमचं नाव कशाला खराब करू."

माझं नाव. तिने कागद पिशवीत ठेवला तो माझं नाव खराब होऊ नये म्हणून.

मग मी तिला सांगितलं. भाषण, काटेकोर नियम, शिपाईकाका, अजून येळ आसा, सगळं. थांबून थांबून सांगितलं, जिना चढले तसं. स्टोव्हवर चहा उकळत होता, तो तिने खाली केला.

"मग बाहेर गेलात कशाला?"

"नियम होता गं."

ती कप विसळत होती. "रस्त्याच्या वेळेला तर आत होतात," म्हणाली. "दार उघडं होतं. हात वर केलेला दिसला मला."

विचारलं नाही तिने. नुसतं सांगितलं.

तिने चहा दिला. सोबत खारी बिस्किटं. आम्ही चहा प्यायलो. तिने माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, नवऱ्याच्या शेवटच्या दिवसांची केली, डोळे पुसले. माणूस चांगलं होतं म्हणाली. खरं होतं ते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याला येत होतं.

निघताना जिन्यापर्यंत आली. "कितव्या मजल्यावर राहता आता?"

"चौदाव्या."

"तिथनं इकडचं दिसतं का?"

"चिमण्या दिसतात."

"मग बघत जा," ती म्हणाली, आणि माझा हात धरून मला पहिल्या दोन पायऱ्या उतरवून दिल्या.